अडीच वाजताचा समुद्र

सहादू भालेराव एकतीस वर्षं पाटकरी होता. प्रवरेच्या डाव्या कालव्यावर, संगमनेरच्या खालच्या अंगाला, एका चौकीवर. काम सांगायला सोपं. वरून पाणी आलं की दार उचलायचं, चारीला, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटाला, ठरलेलं पाणी सोडायचं, मुदत संपली की दार पाडायचं. करायला सोपं नव्हतं. दाराची चक्री दोन माणसांची. सहादू एकटा फिरवायचा. मध्ये दम खायला थांबलं की दार पुन्हा खाली घसरतं, म्हणून थांबायचं नाही. त्याचा उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा बोटभर वर आहे.

त्याच्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर उभं राहू देत नसत. नातवाच्या कमरेला पाटाची किल्ली आली. सहादूनं त्यावर कधी भाषण केलं नाही. कुणाला मिनिटभर जास्त पाणी दिलं नाही आणि कुणाचं मिनिटभर कापलं नाही, एवढंच केलं. "सहादूबाबा, पाणी कधी येतंय?" लोक बांधावरून ओरडून विचारायचे. तो सांगायचा, आणि पाणी तेव्हाच यायचं. पाण्याबद्दल त्यानं स्वतः कधी कुणाला विचारलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्याची बायको चांगुणाबाई. चौकीवरच तिचा संसार झाला. तिला समुद्र पाहायचा होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिनं तसं सांगितलं होतं. पाटबंधारे खात्यातली माणसं दर दोन-तीन वर्षांनी गाडी करून कोकणात जायची. प्रत्येक वेळी सहादू म्हणायचा, "एवढं आवर्तन संपू दे." पाण्याची ती फेरी संपायची, पाट गळायला लागायचा, दुरुस्ती निघायची, तोवर दुसरं आवर्तन यायचं. रजा शिल्लक ठेवून तो रिटायर झाला. साहेबांनी सत्कारात त्याचं कौतुक केलं. चांगुणाबाई खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर तिची शुगर वाढली. पायाला जखम झाली ती भरेना. मग डोळे गेले. उजवा आधी गेला. डाव्यानं वीतभर अंतरावरचं दिसायचं, तेही उजेड असला तर. नगरच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला गुरुवारचा दिवस दिला आणि सरळ सांगितलं, "राहिला तर राहिला. खात्री देत नाही."

घरी आल्यावर चांगुणाबाई म्हणाली, "तवर समुद्र तरी दावा."

मुलगा महेंद्र दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. त्यानं मोबाईल काढला. "आई, ह्याच्यात हजार समुद्र हायेत. हे बघ."

"ते लोकांचे समुद्र. लोकांनी दावल्याले." तिनं मोबाईल हातानं बाजूला केला. "ह्यांनी उभं राहून दावला तर मी पाहीन. एकतीस वर्षं म्हनत हुते, आवर्तन संपू दे. आता कोन्तं आवर्तन हाय?"

तिला नेणं शक्य नव्हतं, पाय खाली टेकवायचा नव्हता. महेंद्रला सुट्टी नव्हती. सून माधुरी गावच्या दूध संकलन केंद्रावर दोन्ही वेळ कामाला. सकाळी जायची, दुपारी अडीचला घरी यायची, पुन्हा पाचला जायची. घरातला दुसरा मोबाईल तिच्याबरोबर. मग ठरलं ते असं. सहादूनं महेंद्रचा मोबाईल घेऊन एकट्यानं रत्नागिरीला जायचं. सोमवारी बरोबर अडीच वाजता माधुरी घरातून व्हिडिओ कॉल लावील. सहादूनं फक्त हिरवं बटण दाबायचं आणि मोबाईल पाण्यासमोर धरायचा.

"आन् जवळनं दावा," चांगुणाबाईनं बजावलं. "लांबचं मला दिसत न्हाई. पायाशी पानी आलं पायजे."

"पायाशी आनतो," सहादू म्हणाला. पाणी आणणं त्याचं कामच होतं.

सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास तो रत्नागिरीच्या स्टँडवर उतरला. पाठीला पिशवी, पिशवीत भाकरी, ठेचा, मोबाईलचा चार्जर. विचारत विचारत मांडवीला पायी गेला. रस्ता संपला, पुढं भिंत होती, आणि भिंतीपलीकडे समुद्र.

तो उभाच राहिला.

भिंतीला खाली उतरायला पायऱ्या होत्या. त्यानं सवयीनं मोजल्या. अकरा. वरून चौथ्या पायरीपर्यंत पाणी होतं. खालच्या सात पायऱ्या पाण्यात. लाट यायची तेव्हा तिसरी भिजायची. एवढं पाणी त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाटाला दुसरा काठ असतो, नदीला असतो, धरणालाही असतो. इथं त्यानं दुसरा काठ शोधला. डोळे दुखेपर्यंत शोधला.

पायऱ्यांशेजारी चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईनं विचारलं, "काका, पहिल्यांदा आलात वाटतं?"

"व्हय."

"एकटेच?"

"मालकीन येनार हाय. अडीच वाजता."

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. सहादूनं मोबाईल दाखवला. "ह्याच्यात."

बाई हसली. "मग आत्ताच काढून ठेवा की व्हिडिओ. मी काढून देऊ?"

"नको. तिला काढल्यालं नको. समोरचं पायजे."

बाई आणखी काही बोलणार होती, पण गिऱ्हाईक आलं. सहादूनंही थांबून विचारलं नाही. विचारायचं काय होतं? पाणी चौथ्या पायरीला होतं. पाट एकदा सुटला की तीन-तीन आठवडे चालतो, पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा चार बोटंसुद्धा हलत नाही. हे तर पाटाच्या लाखपट. अडीच वाजेपर्यंत कुठं जातंय! भरती-ओहोटी हे शब्द त्यानं ऐकले होते. ते पुनवेचं, अवसेचं काम. पुनवेला अजून चार दिवस होते. त्यानं मोबाईल कुठं धरायचा ती जागा पक्की केली. चौथी पायरी, डाव्या हाताला कठड्याचा आधार. सूर्य कुठं असेल ते पाहिलं. सगळं नीट होतं. मग अडीचपर्यंत शहर पाहायला निघाला, कारण चांगुणाबाई विचारणार होती, आणखी काय काय पाहिलं.

शहरानं त्याला काही दाखवलं नाही. आधी तो ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा पाहायला गेला. चढ चांगलाच होता. दाराशी पोचल्यावर कळलं, सोमवारी बंद. पहारेकरी म्हणाला, "बाहेरून बघा." सहादूनं बाहेरून पाहिला. लाल भिंती, ओळीनं खिडक्या, सगळ्या लावलेल्या. परक्या मुलखात आणून ठेवलेला राजा ह्याच खिडक्यांतून समुद्र बघत बसायचा, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. "त्याच्याबरोबर त्याची बायकू हुती का?" सहादूनं विचारलं. होती म्हणे. "मग बरं," सहादू म्हणाला.

तिथून रिक्षानं किल्ल्याच्या बाजूला गेला. दीपगृह चार वाजता उघडणार होतं. किल्ल्यावर चढला, गुडघा बोलायला लागला, पण मध्ये बसला नाही. वर देऊळ होतं, वारा होता, आणि तटाखाली तीन बाजूंनी निळंशार पाणी. चांगला अर्धा तास तो तटाशी उभा राहिला. इथून समुद्र कुठंच जाणार नव्हता. पण चांगुणाबाईला लांबचं दिसत नव्हतं. इथून दाखवून उपयोग नव्हता. भाकरी तिथं बसून खाल्ली. एकट्यानं खाताना दोनदा त्याच्या तोंडून "ठेचा घे" असं निघालं.

सव्वा वाजता तो खाली उतरला. रिक्षा मिळेना. मिळाली ती मासळीबाजाराशी गर्दीत अडकली. सहादू दर दोन मिनिटांनी मोबाईलवरचं घड्याळ बघत होता.

"काय हो आजोबा, गाडी आहे का?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"पाळी हाय माझी," सहादू म्हणाला. पाण्याची पाळी. रिक्षावाल्याला काही कळलं नाही.

अडीचला सात मिनिटं कमी असताना तो भिंतीशी पोचला.

पाणी नव्हतं.

अकराच्या अकरा पायऱ्या उघड्या होत्या. खालच्या शेवाळलेल्या. त्यापुढं काळी ओली वाळू, खडक, खडकांमध्ये डबकी, आणि पार लांब पांढरी रेघ. एकतीस वर्षांत एकदाच असं झालं होतं. रात्रीत पाट फुटला होता आणि सकाळी दारापाशी नुसता गाळ होता. तेव्हा त्यानं जे केलं तेच आता केलं. पाणी नाही तर पाण्याकडे जायचं. मागं टपरीवाली बाई ओरडली, "ओ काका, घसराल! थांबा, येईल ते!" वारा समोरून होता. त्याला फक्त "घसराल" ऐकू आलं.

चपला हातात घेऊन तो उतरला. वाळू पायाखाली धसत होती. नंतर खडक लागले, धारदार, शिंपल्यांसारखी कालवं चिकटलेले. तो पावलं मोजत होता, एकशे चाळीस, दीडशे. एकशे बासष्टाव्या पावलाला पाय घसरला, तो गुडघ्यावर आला, पण मोबाईल वर धरलेला होता. तेवढ्यात मोबाईल वाजला.

अडीच. माधुरी वेळेची पक्की होती.

त्यानं हिरवं बटण दाबलं.

"आबा, दिसताय, दिसताय!" माधुरीचा आवाज. "आई, हे बघा आबा. अजून जवळ घ्या, डाव्या डोळ्याला."

"कान दिसतोय नुसता," चांगुणाबाई म्हणाली.

"कान न्हाई आई, गाल हाय."

"एवढ्या लांब जाऊन गालच दावायचा व्हय? समुद्र दावा की."

दोघी हसल्या. सहादूनं मोबाईल उलटा केला आणि त्या पांढऱ्या रेघेकडे धरला. हात ताणता येईल तेवढा ताणला. उजव्या खांद्यातून कळ आली, पण त्यानं हात खाली घेतला नाही.

"दिसतंय का?"

मग चांगुणाबाई हळू म्हणाली, "काळं काळं दिसतंय. नांगरल्यालं हाय का?"

"आई, रान न्हाई ते. समुद्र हाय."

"व्हय का? मला आपली नांगरटच वाटली. ढेकळं बी दिसत्यात."

ती ढेकळं म्हणजे खडक. सहादूला सांगता आलं असतं, की पाणी पुढं आहे, सकाळी इथंच होतं, चौथ्या पायरीला होतं. पण पाणी ठरल्या वेळेला आलं नाही असं त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो पुढं सरकला. चित्र अडकलं, आवाज तुटला, पुन्हा जुळला.

"बास झालं आता," चांगुणाबाई म्हणत होती. "डोळा दुखतोय. दिसला मला. चांगला हाय. तुमी जपून या."

फोन बंद झाला. तिला दिसला नव्हता. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तिनं "चांगला हाय" कसं म्हटलं की काय समजायचं ते सहादूला माहीत होतं.

तो परत आला, पायऱ्या चढला, टपरीकडे न बघता सरळ निघून गेला. पाणी बंद झालं होतं. वरून कुणी बंद केलं, का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बंद झालेलं पाणी पुढच्या आवर्तनालाच येतं, आणि पुढचं आवर्तन पुनवेला. त्याची गाडी संध्याकाळी साडेसातची. चार तासांहून जास्त वेळ हातात होता. तो स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसला. गुडघ्याचं रक्त वाळलं होतं. शेजारी एक प्रवासी पाय पसरून झोपला होता. बाकडी नीट बसवलेली नव्हती, हलत होती. सहादूनं खालचा बोल्ट हातानं आवळून पाहिला. आवळला गेला नाही.

साडेपाच वाजता तोच रिक्षावाला स्टँडवर भाडं सोडायला आला. त्यानं ओळखलं. "काय आजोबा, झाली का पाळी?"

"पानी बंद हुतं."

"बंद?"

"समुद्राचं. सकाळी भरल्यालं हुतं. दुपारी आटलं. आता पुनवेलाच."

रिक्षावाला थट्टा करणार होता. म्हातारबाबाचा चेहरा बघून थांबला. "अहो, पुनवेला जास्त येतं एवढंच. येतं रोज. दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"मी इचारलंच न्हाई," सहादू म्हणाला.

रिक्षावाल्यानं त्याला बसवलं आणि गाडी जोरात काढली. मांडवीला पोचेपर्यंत पावणेसहा झाले. पाणी परत येत होतं. खडक बुडाले होते. दुपारी तो जिथं गुडघ्यावर पडला ती जागा पाण्याखाली गेली होती. सूर्य अजून हातभर वर होता आणि सगळं पाणी तांबूस, चकचकीत हलत होतं. सहादूनं घाईघाईनं माधुरीला फोन लावला.

"माधुरी, पानी आलं! चांगुणाला दाव!"

"आबा, मी संकलनावर हाय हो. पाचलाच आले. रांग हाय दुधाची."

"घरी जा. आत्ताच्या आत्ता जा."

माधुरीनं काय ते ओळखलं. "जाते," एवढंच म्हणाली. पण संकलन केंद्र ते घर दीड किलोमीटर, आणि वजनकाटा कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय तिला हलता येत नव्हतं. घरी दूध उतू चाललंय म्हणून काटा टाकून पळणारी ती नव्हे. सहादूला हे कळत होतं. त्यानं स्वतःही तेच केलं असतं. जन्मभर तेच केलं होतं.

तो शेवटून तिसऱ्या पायरीवर उभा राहिला. लाट घोट्याला लागत होती. पायाशी पाणी आलं होतं. सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला, नखाएवढा झाला, गेला. काठावरची माणसं मोबाईल वर धरून फोटो काढत होती. एक मुलगी म्हणाली, "अय्या, किती पटकन बुडाला!" सहादूला तसंच वाटत होतं. थोडा वेळ लाली राहिली. मग तीही उतरली. टपरीवाल्या बाईनं दिवा लावला, पण त्याचा उजेड पायऱ्यांच्या खाली येत नव्हता.

सहा चाळीसला मोबाईल वाजला. माधुरी धापा टाकत होती. "आबा, आले. आई, घ्या."

"काय झालं, का बोलावलं एवढं?" चांगुणाबाई म्हणाली.

"पानी आलंय, चांगुणा. बघ. पायाशी हाय."

त्यानं मोबाईल खाली धरला. पाण्याला टेकेल इतका खाली. चांगुणाबाईनं पलीकडं डोळा किती जवळ नेला असेल ते त्याला दिसत नव्हतं.

"अंधार हाय वो," ती म्हणाली.

"नीट बघ. हलतंय बघ."

"न्हाई दिसत." मग म्हणाली, "आवाज येतोय. दार सोडल्यावर येतो तसा. आपल्या चौकीवरचा."

तो आवाज तिनं एकतीस वर्षं ऐकला होता. त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती.

"सकाळी भरल्यालं हुतं," अखेर तो म्हणाला. "आठ वाजता. मी पाहिलं. मला वाटलं, कुठं जातंय."

पलीकडे माधुरी नाक ओढत होती. चांगुणाबाई तिला म्हणाली, "तू जा गं, लोकं खोळंबली आसतील." मग मोबाईलमध्ये म्हणाली, "तुमी पाहिला ना? मग बरं झालं. कुनीतरी पाहिला. गाडी चुकवू नका."

टोचून चांगुणाबाई काहीच बोलली नाही. बोलली असती तर सहादूला सोपं गेलं असतं.

गुरुवारी नगरला ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं, किती आहेत. चांगुणाबाई म्हणाली, "उजेड हाय." उन्हाळ्यात तो उजेडही गेला.

आता रोज संध्याकाळी सहादू तिच्या पायाची जखम धुतो, मलम लावतो, पट्टी बांधतो. नर्स बांधते त्यापेक्षा नीट बांधतो. एकदा पट्टी बांधताना ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळचं सांगा."

"काय सांगू?"

"किती हुतं?"

"अकरा पायऱ्या हुत्या. चौथ्या पायरीला पानी. लाट आली की तिसरी भिजायची."

"आन् लांब किती?"

सहादू पट्टीची गाठ मारत होता. त्यानं गाठ मारली, ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली.

"न्हाई मोजता आलं," तो म्हणाला.

चांगुणाबाईनं मान हलवली. ह्या माणसाला पाणी मोजता आलं नाही असं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं पाय हळूच उशीवर घेतला आणि तोंड त्याच्याकडे वळवून, पुढं काही तरी सांगेल म्हणून, बराच वेळ वाट पाहत राहिली.